बर्फ खालून झिजतो

माझ्या नवऱ्याच्या दहाव्याला कावळा शिवत नव्हता. पुणतांब्याच्या घाटावर पिंड मांडून झाले, प्रवचनकार महाराज माईकवरून आत्म्याविषयी बोलून दमले, ऊन डोक्यावर आलं, आणि समोरच्या बाभळीवर कावळे नुसते बसून होते. जिवंतपणीही आमचे गहिनीनाथ असेच. काही हवं असलं की तोंडानं सांगायचे नाहीत, ताटावरून रुसून उठायचे.

मग आमच्याकडच्या रीतीप्रमाणे एकेक जण हात जोडून पुढे झाला. गेलेल्याची राहिलेली इच्छा ओळखायची, ती पुरी करायचा शब्द द्यायचा, की तो मोकळा होतो आणि कावळा येतो. कुणी म्हणालं, विहिरीचं बांधकाम पुरं करू. कुणी म्हणालं, वहिनींना अंतर देणार नाही. कावळे ढिम्म. शेवटी माझे धाकटे दीर आबासाहेब पुढे झाले. म्हणाले, "दादा, स्नेहल वर्षाच्या आत कायमची घरी येईल. आईजवळ ऱ्हाईल. ह्यो माझा शबुद." आणि एक कावळा असा झेपावला की बघणाऱ्यांच्या अंगावर काटा आला.

स्नेहल माझी एकुलती एक. नॉर्वेहून आदल्या दिवशीच पोचली होती. ती खाली मान घालून उभी राहिली, हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. मी पदर तोंडाला लावून रडत होते. लोकांना वाटलं नवऱ्यासाठी रडते आहे, आणि तेही खरंच होतं. पण आतून मला हायसं वाटलं होतं. 'पोरी, परत ये' हे मला तिला कधी म्हणता आलं नव्हतं. ते काम कावळ्यानं केलं.

जाताना ती एवढंच म्हणाली की नुकतीच समुद्रात सोडलेली यंत्रं तिकडच्या पुढच्या उन्हाळ्यात वर काढायची आहेत, तेवढं झालं की येते. कसली यंत्रं, कशाला सोडली, मी विचारलं नाही. येणार म्हणाली, मला तेवढं पुरे होतं.

ते वर्ष मी कसं काढलं ते माझं मला माहीत. मी जन्मभर अंगणवाडी चालवली. गावातली निम्मी पोरं माझ्या मांडीवर रडून शहाणी झाली. तीच आता मोटारसायकल न थांबवता फाटकाबाहेरून विचारतात, "बाई, बरं चाललंय ना?" आणि मी बरं चाललंय म्हणेपर्यंत वळणावर पोचलेली असतात. मला त्यांचा राग येतो. पण गाडी थांबवून आत आली असती तर काय सांगितलं असतं, तेही ठाऊक नाही. संध्याकाळी मी टीव्ही लावते तो बातम्यांसाठी नाही, घरात पुरुषाचा आवाज असावा म्हणून. जेवताना भाजीला मीठ कमी पडलं तरी कुणी बोलत नाही. भांडायला माणूस उरला नाही हे दुःख नवरा गेल्यावरच कळतं, आणि ते चारचौघांत सांगायची सोय नसते.

वर्षश्राद्ध जवळ आलं तसे आबासाहेब चकरा मारू लागले. स्नेहल कधी येणार, तिकीट काढलं का, सोनईचं एक चांगलं स्थळ आहे. शब्द त्यांनी दिलेला, तेव्हा काळजीही त्यांनाच. स्नेहल तेव्हा जहाजावर होती, ग्रीनलंडच्या बाजूला. तिनं कळवलं की तिकीट काढलं आहे, नोकरी सोडायचा अर्जही लिहून ठेवला आहे. मी तिची खोली चुन्यानं रंगवून घेतली आणि गादी पिंजून आणली. रंगाऱ्याला मी दोनदा चहा दिला आणि तो नको म्हणत असताना जेवायलाही बसवलं.

निघायच्या आधी तिचा जहाजावरून फोन आला. हल्ली तिथेही नेट मिळतं. चेहरा दिसला, मागे पांढरंशुभ्र काहीतरी होतं. मी विचारलं, यंत्रं निघाली का? तर म्हणाली, अजून नाही. बर्फाचे तुकडे दाटले आहेत, जहाज पुढे जात नाही. वारा फिरला की वाट मोकळी होईल, पण तोवर मला हेलिकॉप्टरनं निघावं लागेल. बाकीचे काढतील. निघाली तर निघाली.

'निघाली तर निघाली' हे ती अशा आवाजात म्हणाली की मी हातातली तांदळाची परात खाली ठेवली. मी आयुष्यात पहिल्यांदा तिला विचारलं की बाई, तू तिथे नेमकं करतेस काय?

तिनं फोन फिरवला. बर्फाची भिंत होती, आमच्या साखर कारखान्याच्या धुराड्याएवढी उंच, आणि लांबी तर नजर जाईल तिथवर. डोंगरातून सरकत आलेला बर्फ तिथे समुद्रात पाय सोडून उभा होता. एक बारीक तडतड ऐकू येत होती, लाह्या फुटल्यासारखी. पाण्यात पडलेल्या बर्फात जुनी हवा कोंडलेली असते, तो विरघळताना ती फुटते, असं तिनं सांगितलं.

"वरनं तर धडधाकट दिसतीय की भिंत," मी म्हणाले.

ती हसली. म्हणाली, तेच तर. वरून बघणाऱ्याला काही कळत नाही. वर हवा गार, पाण्याचा वरचा थरही गार. पण दूरच्या महासागरातून खारं पाणी तळातळानं आत येतं. मिठामुळे जड, म्हणून ते खालीच राहतं, आणि ते उबदार असतं. उबदार म्हणजे हात घातला तर बधिर होईल, पण बर्फाला तेवढंही पुरतं. त्यात बर्फावरचं वितळलेलं पाणी भेगांतून खाली उतरतं आणि भिंतीच्या पायथ्याशी बाहेर पडतं. ते गोडं, हलकं, म्हणून भिंतीला घासत वर उसळतं आणि जाताना खालचं उबदार पाणीही भिंतीवर ओढून घेतं. पायथा पोखरत जातो. मग वरचा भाग एक दिवस कोसळतो, आणि लोकांना वाटतं, अचानक कोसळला.

मला गुळवणी करताना पातेल्यात ठेवलेला गुळाचा खडा आठवला. वरून कोरडा, ताठ, आणि मग एकदम कलंडतो. मी तसं म्हटलं तर ती "अगदी तसंच गं आई!" म्हणाली, आणि मग बोलतच सुटली. तळाशी वर्षभर यंत्रं बसली आहेत, हिवाळ्यातही पाणी किती उबदार होतं ते त्यांनाच माहीत, जहाजांना तेव्हा तिथे जाता येत नाही, कुणी कधी मोजलेलं नाही. हा बर्फ किती वेगानं जाईल आणि समुद्र किती चढेल, त्याचा अंदाज त्यावर बांधायचा. तिचे गाल लाल झाले होते. लहानपणी नदीवरून गोटे गोळा करून आणायची तेव्हा अशी दिसायची. इतक्या वर्षांत तिला असं बोलताना मी पाहिलं नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं.

मग ती थांबली. "असू दे. मी येते आहे ना," म्हणाली, आणि चेहरा पुन्हा सरळ केला. काही झालंच नाही असा, फाटकाबाहेरच्यांना मी दाखवते तसा. माझाच चेहरा तिनं उचलला होता.

रंगवलेली खोली मला समोर दिसत होती. गादीवर नवी चादर होती. मला तोंडातून काढवत नव्हतं, पण काढलं.

"येऊ नगं," मी म्हणाले. "यंत्रं काढ. अर्ज फाडून टाक."

"आणि बाबांना दिलेला शब्द?"

"त्यो तू दिलेला न्हाई. त्येचं मी बघते."

वर्षश्राद्धाला घाटावर पुन्हा पिंड मांडले. आबासाहेब माझ्याशी बोलत नव्हते. कावळे बाभळीवर होते, आणि अर्थातच एकही खाली येईना. ऊन चढलं, जेवणावळीचा भात निवू लागला, लोक माझ्याकडे बघू लागले. शेवटी आबासाहेब जवळ आले आणि हळूच म्हणाले, वहिनी, नुसतं येईल म्हणा, पुढच्या वर्षी येईल म्हणा, काय बिघडतंय? दादाला मोकळं होऊ द्या.

बिघडत काहीच नव्हतं. एक शब्द बोलायचा होता. आमच्यात बायका पुढे होऊन बोलत नाहीत, पण मी उठले आणि पिंडांपुढे जाऊन हात जोडले.

"अहो, पोरगी येनार न्हाई," मी म्हणाले. "मीच नगं म्हनलं. मी एकटी हाय, लई एकटी हाय, पन तिला हितं आनून आतनं पोखरायची न्हाई. रागवायचं आसंल तर माझ्यावर रागवा."

सगळ्यांच्या माना वर झाल्या. मीही बाभळीकडे बघत राहिले. आतून वाटत होतं की आता तरी ते समजून घेतील आणि एखादा कावळा उतरेल. कावळा उतरला नाही. गुरुजींनी बराच वेळ वाट पाहिली, मग दर्भाचा कावळा केला आणि तो पिंडाला शिववला. शास्त्रात तशी सोय आहे म्हणे. लोक जेवायला उठले. माझ्या पंगतीत, माझ्या दोन्ही बाजूंना कुणी बसलं नाही.

दुपारी घरी आले, कुलूप काढलं, आणि फोन वाजला. स्नेहल ओरडूनच बोलत होती. वारा फिरला, जहाज आत गेलं, यंत्रं निघाली, एक सोडून सगळी. तिच्या अंगावर चिखल होता आणि ती रडत होती. मग तिनं डोळे पुसले आणि विचारलं, "कावळा शिवला का?"

"न्हाई," मी म्हणाले. "तुझा बाप तुला ठाऊकच हाय. दर्भाचा केला."

तिनं फोन जवळ धरला. मग म्हणाली, "आणि तू? तू कशी आहेस?"

बरं चाललंय, असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं. वर्षभराची सवय.

"वरनं विचारतीस का खालनं?" मी म्हणाले.

पलीकडे जहाजाच्या इंजिनाचा आवाज बंद झाला होता. नुसती ती तडतड ऐकू येत होती.

"खालून," स्नेहल म्हणाली.

मी रंगवलेल्या खोलीत तिच्या गादीवर जाऊन बसले आणि वर्षभरात पहिल्यांदा कुणाला तरी खरं सांगायला लागले. ती मधे एकदाही बोलली नाही. माझं सांगून संपलं तरी तिनं फोन ठेवला नाही, आणि मीही ठेवला नाही.