मानाची मुंडी

विलायतेत शिकून आलेले डॉ. घारपुरे आम्हा चार खेड्यांतल्या डॉक्टरांना कवटीला भोक पाडायला शिकवणार होते. नुसतं भाषण नाही, प्रत्येकानं स्वतःच्या हातानं करायचं. साल १९५७, कुरखेड्यापलीकडचं जंगल. माझ्या दवाखान्यात टिंक्चर आयोडीन वेळेवर आलं तरी आम्हाला दिवाळी वाटायची, तिथे ही चैन! मी इस्त्रीचा शर्ट घालून बसलो होतो.

शिवाय मला घाई होती. आदल्या दिवशी मधाचं पोळं काढताना गावातला इसरू झाडावरून डोक्यावर पडला होता. संध्याकाळी बायकोशी बोलला, सकाळी गुंगीत गेला, आणि आता त्याच्या एका डोळ्याची बाहुली मोठी होत चालली होती. कवटीच्या आत रक्त साचतंय, एवढं मला पुस्तकामुळे कळत होतं. नागपूरपर्यंत तो टिकला नसता.

"आधी प्रशिक्षण, मग रोगी," घारपुरे साहेब म्हणाले. विलायतेत बहुधा रोगी थांबत असावेत.

सरावासाठी बोकडांच्या चार मुंड्या देवाजी पाटलांकडून मागवल्या होत्या. त्या आल्या. केस जाळलेल्या, कुऱ्हाडीनं फोडलेल्या, आणि भेजा वेगळ्या पितळी गंजात, तिखट-मीठ लावून परतलेला.

"पाटील, हे काय?" मी ओरडलो.

"मुंडी मानाच्या पाहुण्यालेच देतो ना आपुन," देवाजी खुशीत म्हणाले. "साहेबानं फोडाचा तरास काऊन घ्यावा? म्या फोडून आणली."

साहेबांनी शास्त्राच्या हानीबद्दल खेद व्यक्त केला आणि भेजा दोनदा वाढून घेतला. मी ताट सरकवलं.

तेवढ्यात इसरूची बायको सुकरी शेजारच्या खोलीतून दारात आली. "डाक्टर, हलवलं तरी उठून नाई राह्यला."

मी साहेबांकडे बघितलं. त्यांनी हात धुतले, पुसले, आणि भोक पाडायचं, सुताराच्या गिरमिटासारखं हत्यार माझ्या हातात ठेवलं. "प्रशिक्षण तुमचं आहे. मी बाजूला उभा राहून सांगतो."

मला त्यांचा गळा धरावासा वाटला. पण हत्यार धरलं.

सुकरीनं नवऱ्याचं डोकं मांडीवर घट्ट धरलं होतं. "याच्या आंदी केलं का तुमी असं?"

"नाही. आज शिकतोय."

तिनं पकड आणखी आवळली. "मंग लवकर शिका, भाऊ."

मी गिरमिट फिरवलं. साहेब "हळू" म्हणाले तिथे हळू, "थांबा" म्हणाले तिथे थांबलो. हाडाला भोक पडलं आणि काळं, गोठलेलं रक्त बाहेर आलं. थोड्या वेळानं इसरू कण्हला, त्यानं पाय आखडला. मी चारचौघांत रडलो, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

"उत्तम!" साहेब खूश होऊन बाकीच्या तिघा डॉक्टरांकडे वळले. "चला, आता पुढचा कोण?"

सुकरीनं दोन्ही तळहात इसरूच्या डोक्यावर झाकण घालावं तसे ठेवले.