मावशीचा दक्षिणदोष

"बोला, कुठलाही आकडा बोला!" दिशाबाबा डोळे मिटून म्हणाले.

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरचा हॉल गच्च भरला होता. प्रत्येकाच्या मांडीवर टॅबलेट, समोर भिंतीवर मोठा पडदा. शनिवारची ऑनलाइन ब्रिज स्पर्धा सगळे इथे एकत्र बसूनच खेळत. पत्त्यांच्या या खेळात टेबलाच्या चार बाजूंना चार दिशांची नावं असतात आणि जोडीदार समोरासमोर बसतात.

"अठरा!" चष्म्याच्या दुकानाच्या मालकीणबाई ओरडल्या.

बाबांचा हात होकायंत्राच्या काट्यासारखा थरथरला आणि थांबला. "अठराव्या डावाला पूर्वेचा खेळाडू पत्ते वाटणार."

"सोळा?"

"पश्चिम."

"अकरा?"

बाबांचा आवाज एकदम खाली आला. "दक्षिण."

तासाभराने पडद्यावर अठरावा डाव उघडला आणि पूर्वेच्या नावाशी 'डीलर', म्हणजे वाटणारा, ही पाटी लुकलुकली. टाळ्यांचा कडकडाट झाला. कोणीतरी चक्क डोळे पुसले.

मागच्या रांगेत बसलेल्या भाचीने मात्र दात आवळले. संख्याशास्त्राची पदवी हातात पडून तिला दोन महिने झाले होते, आणि तिच्या मावशीचा खेळ बंद होऊन चार आठवडे.

मावशीने तीस वर्षं इस्पितळात रक्त तपासलं होतं. निवृत्तीनंतर तिला एकच नाद, ब्रिज. तिचे जोडीदार म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर, क्लबातले सगळ्यात पक्के खेळाडू. अकरा वर्षांची जोडी. मग दिशाबाबा अवतरले. त्यांचा हा चमत्कार पहिल्यांदा पाहिला तेव्हा मावशी भर हॉलमध्ये खो खो हसली होती. "अहो बाबा, आमच्या वेळी हे डावाचे पत्ते ठेवायच्या लाकडी पेट्यांवर छापलेलंच असायचं!"

ते हसणं बाबांनी लक्षात ठेवलं. पुढच्याच शनिवारी ते मावशीसमोर उभे राहिले. "बाई, वर्षभर यंत्र तुम्हाला दक्षिणेलाच बसवतंय. यंत्राला माणूस कळतो. हा दक्षिणदोष आहे. मास्तर हरतात ते तुमच्यामुळे."

मास्तरांनी मान खाली घातली. त्या दिवसापासून ते बाबांचे जोडीदार झाले. बाबांना खेळता यथातथाच येत होतं, पण जोडीला मास्तर आल्यावर तेही जिंकू लागले. मावशीने टॅबलेट कपाटात, साड्यांखाली ठेवून दिला.

"मावशी, तू खरंच नेहमी दक्षिणेला होतीस?" भाचीने विचारलं.

"होते गं. तेच तर. पेटीचं मला ठाऊक होतं, पण हे कुठून आलं?"

भाचीने संकेतस्थळावरच्या मावशीच्या बावन्न शनिवारांच्या नोंदी उतरवून घेतल्या. एक्कावन्न वेळा दक्षिण, एकदा उत्तर. उत्तरेची तारीख पाहून मावशी म्हणाली, "त्या आठवड्यात मास्तरांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. नोंदणी मी केली होती."

भाची ताडकन उठली. नियमांच्या पानावर अगदी तळाला, बारीक अक्षरांत, सगळं लिहिलेलं होतं. मास्तर मुळात घड्याळाचे गुलाम, दर शनिवारी ठोक्याला दहा वाजता पहिली नोंदणी त्यांचीच.

हे घरी बसून सिद्ध झालं, पण तेवढ्याने तिचं पोट भरणार नव्हतं. मावशीला जिथे खाली मान घालायला लावली, त्याच हॉलमध्ये, त्याच पडद्यावर तिला बाबा दक्षिणेला बसलेले पाहायचे होते.

पुढच्या शनिवारी ती मावशीला घेऊनच आली. मावशी दाराजवळ पर्स मांडीवर घेऊन बसली.

"बाबा, स्पर्धेआधी एक सराव डाव खेळाल माझ्याशी?" भाचीने गोड आवाजात विचारलं. "मला तुमचा हातगुण हवाय."

"ये बाळ, ये! यंत्र मला उत्तरेलाच बसवतं. ध्रुवाची ओढ आहे ती!"

भाचीने नोंदणीचं बटण दाबलं. बाबांकडे आमंत्रण गेलं, त्यांनी ते स्वीकारलं. पडद्यावर टेबल उघडलं. उत्तर: भाची. दक्षिण: दिशाबाबा.

सगळ्यांच्या माना पडद्याकडून बाबांकडे वळल्या.

"यंत्र... तापलंय," बाबा म्हणाले.

"पुन्हा करू. आता बटण तुम्ही दाबा." बाबा उत्तरेला आले. "पाहा!" ते गरजले. "आता मी दाबते," भाची म्हणाली. बाबा पुन्हा दक्षिणेला. कोणीतरी फिसकन हसलं.

"जो नाव नोंदवतो त्याला पहिली जागा, ज्याला आमंत्रण जातं त्याला समोरची," भाची म्हणाली. "पहिली जोडी उत्तर-दक्षिण, दुसरी पूर्व-पश्चिम, पुढे तसंच. आणि डीलर? पत्ते तर संगणकच वाटतो. डीलर म्हणजे फक्त पहिली बोली करणारा. डावाच्या आकड्याला चारने भागा. बाकी एक राहिली तर उत्तर, दोन पूर्व, तीन दक्षिण, शून्य पश्चिम. प्रत्येक टेबल वेगळ्या डावापासून सुरू होतं, म्हणून तुम्हाला क्रम दिसला नाही. काकू, तेवीस?"

चष्मेवाल्या बाईंनी बोटं मोजली. "चार पंचे वीस, उरले तीन... दक्षिण! अगं बाई, मी पण बाबा झाले!"

हॉलमध्ये हशा पिकला. बाबा चपला शोधू लागले.

"थांबा," दारातून मावशी म्हणाली. आवाज शांत होता, रक्ताचा अहवाल वाचून दाखवावा तसा. "मास्तर, गेले चार शनिवार बाबा नाव नोंदवतात. तुम्ही कुठे बसलात?"

मास्तर पडद्याकडे पाहत राहिले. "दक्षिणेला," ते पुटपुटले.

"आणि तुम्हाला दोष लागला नाही?"

मावशीने वाट दिली तेव्हाच बाबा जिना उतरू शकले, आणि ती तिने सावकाश दिली.

"हे शोधायला पदवी लागत नाही," भाची सगळ्यांना म्हणाली. "नियमांचं पान तुमच्या सगळ्यांच्या हातात होतं. मनाला काय वाटतं ते घडीभर बाजूला ठेवा. पत्ते कोण वाटतं, कसं वाटतं, बटण कोणी दाबलं, एवढंच विचारा. नाही विचारलंत, तर कोणीतरी तुमच्याच हातून तुमच्या माणसाला खेळातून उठवेल."

मास्तर मावशीजवळ आले. "चुकलो. पुन्हा खेळाल?"

"खेळेन," मावशीने पर्समधून टॅबलेट काढला. "ऑपरेशनच्या आठवड्यात मी उत्तरेला होते, आठवतं? तेव्हाही आपण हरलोच होतो. तेव्हा दिशेचं काही मनात आणू नका. पण यापुढे नाव मी नोंदवणार."

दहाच्या ठोक्याला तिने बटण दाबलं. पडद्यावर, सगळ्या हॉलसमोर, मास्तर दक्षिणेला जाऊन बसले. आजही ते तिथेच बसतात.