दोष कुंकवाचा नव्हता

मी एक जुना संगणक आहे. जानेफळच्या पुढे, सोयाबीनच्या शेतांना लागून एक कनिष्ठ महाविद्यालय आहे. तिथल्या अडगळीच्या खोलीत, मोडक्या बाकांच्या शेजारी मी पडून असतो. मित्रांनो, एका भागाकाराची गोष्ट सांगतो. ती मला अजून पचलेली नाही.

कारखान्यातून खोक्यात बसून आलो तेव्हा माझं कोण कौतुक! चपला दाराबाहेर काढून मुलं मला बघायला यायची. पण नव्याची नवलाई ती किती टिकणार? शेवटी उरले शिपाई गुलाबराव. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन ते खिडकी उघडत, फडक्यानं माझी धूळ पुसत आणि पुसता पुसता घरचं काहीबाही सांगत. बायको गेल्यापासून त्यांना घरी बोलायला कोणी नव्हतं. मी उत्तर देत नसे, पण ऐकत असे, आणि त्यांना तेवढं पुरे व्हायचं.

दसऱ्याला ते माझी पूजा करत. डोक्यावर झेंडूचं फूल, कपाळावर, म्हणजे पडद्याच्या वरच्या कडेला, हळदकुंकू. त्या वर्षी त्यांच्या बोटांतून सुटून चिमूटभर कुंकू माझ्या पंख्याच्या जाळीतून आत गेलं. मला त्याचं काहीच वाटलं नाही.

दसऱ्यानंतर जयमाला मॅडम अकरावीला संमिश्र संख्या शिकवत होत्या. या संख्येला एक वास्तव भाग असतो आणि एक काल्पनिक. मॅडमनी भागाकाराचा छोटा प्रोग्राम लिहिला होता. लहान संख्यांची उत्तरं मी पटापट दिली. मग प्रेरणा नावाच्या मुलीनं हट्ट धरला की खूप मोठी संख्या टाकून बघू. दोन्ही भागांत एकावर दोनशे शून्यं असलेली संख्या टाकली आणि त्या संख्येला त्याच संख्येनं भागायला मला सांगितलं. उत्तर एक यायला हवं, हे शेंबडं पोरही सांगेल. मी लिहिलं ‘नॅन’, म्हणजे ही संख्याच नव्हे.

वर्ग खो खो हसला. आवाज ऐकून प्राचार्य महादेवराव आले. कोणीतरी कुंकवाचं सांगितलं. त्यांनी गुलाबरावांना बोलावून सगळ्या मुलांसमोर उभं केलं.

“गुलाबराव, मशीनले देव समजता का तुमी? साऱ्या मशीनचं वाटोळं केलं. उद्यापासून या खोलीत पाय टाकायचा नाही.”

गुलाबराव मान खाली घालून निघून गेले. कुंकवानं मला काही झालेलं नाही, असं ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण माझ्यावर जे टंकाल तेवढंच मी बोलू शकतो. माझ्यावर ‘नादुरुस्त’ अशी चिठ्ठी लागली. त्यानंतर खिडकी उघडायला कोणी आलं नाही. धूळ साचली याचं दुःख नव्हतं, सकाळ झाल्याचं कोणी सांगत नव्हतं याचं होतं.

पुढच्या वर्षी माझ्या शेजारी नवे संगणक आले. प्रेरणानं तोच भागाकार त्यांच्यावर करून पाहिला. उत्तर तेच, ‘नॅन’! जयमाला मॅडम चपापल्या आणि फळ्यावर हिशोब मांडत बसल्या. मग त्यांच्या ध्यानात आलं. आम्ही भागाकार करताना मधल्या पायरीत छेदाच्या दोन्ही भागांचे वर्ग करतो, आणि अंशातही तसेच गुणाकार. ते इतके अवाढव्य होतात की आमच्यात मावत नाहीत. मावलं नाही की आम्ही त्याला अनंत म्हणतो, आणि अनंताला अनंतानं भागून काय सांगणार? मॅडमनी आधी सगळ्या संख्या छेदातल्या मोठ्या भागानं भागून लहान करून घेतल्या, मग भागाकार केला. उत्तर एक आलं. चूक रीतीत होती, कुंकवात नव्हती.

प्राचार्यांना हे कळलं तेव्हा नवी यंत्रं ठीक आहेत याचाच त्यांना आनंद झाला. मॅडमनी गुलाबरावांना बोलावून सगळं समजावलं. ते उंबऱ्याच्या बाहेरच उभे राहिले. एकदा माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, “तुमी सांगतलं, बरं झालं मॅडम. पण मले बोलले ते साऱ्या पोरायच्या पुढे बोलले.”

मॅडमनी प्राचार्यांना तसं सांगितलंही. मुलांना सांगू कधीतरी, असं ते म्हणाले. गुलाबराव काही आत आले नाहीत. उन्हाळ्यात मला या खोलीत आणून टाकलं, आणि त्याच महिन्यात ते निवृत्त झाले. निरोप समारंभाचा भोंगा भिंतीपलीकडून ऐकू येत होता. शाल, नारळ, त्यांच्या प्रामाणिकपणावर प्राचार्यांचं लांबलचक भाषण. मी शेवटपर्यंत कान लावून बसलो होतो. त्या एका गोष्टीबद्दल अवाक्षर निघालं नाही.

मित्रांनो, यंत्रांची काळजी घ्या, हे तर मी सांगेनच. पण यंत्राचं उत्तर चुकलं म्हणून माणसावर ठपका ठेवण्याआधी तेच गणित दुसरीकडे करून बघा. आणि चारचौघांत कोणाला बोललात, तर आपली चूक चारचौघांतच कबूल करा. मला बोलता येत नव्हतं. तुम्हाला येतं.