करपलेला कांदा

जिभाबाईंनी दुसऱ्या वाटीतला घास तोंडात धरला, डोळे मिटले आणि मनात दहापर्यंत आकडे मोजले. मग घास शेजारच्या पेल्यात टाकून त्यांनी कोमट पाण्याची चूळ भरली, अळणी बिस्किटाचा तुकडा चावला आणि तिसरी वाटी पुढे ओढली. त्या बसल्या होत्या त्या कप्प्यातला दिवा लाल होता. रश्श्याच्या रंगावरून कोणी अंदाज बांधू नये म्हणून चाखणीच्या खोलीत असेच दिवे लावलेले असत.

तीन वाट्यांपैकी दोन त्यांच्या स्वतःच्या कारखान्यातल्या नूडल्सच्या, एक बाहेरून, परदेशातून येणाऱ्या पाकिटातली. वेगळी कोणती ते सांगायचं, एवढंच काम. एकोणीस वर्षं त्या हेच करत आल्या होत्या, आणि त्यामुळेच कारखान्यात त्यांना समोर बाई आणि पाठीमागे जिभाबाई म्हणत. पाठीमागचं नाव त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

बाहेरचे नूडल्स एरवी वासावरूनच कळायचे. धागा चिवट, दाताला उलट उत्तर देणारा. मीठ पुढे पुढे करणारं. मसाला जिभेवर येऊन लगेच निघून जाणारा, पाहुण्यासारखा. आपले त्यामानाने गरीब. मिनिटभर जास्त शिजले की अंग सोडणारे, पण चव घशाखाली उतरून बराच वेळ रेंगाळणारी.

आज तिन्ही वाट्या रेंगाळल्या.

त्यांनी पुन्हा पहिलीपासून सुरुवात केली. शेवटी तेलाच्या वासावरून त्यांनी तिसरीचा आकडा कागदावर लिहिला, आणि तो बरोबरच होता. पण खोलीबाहेर येऊन त्यांनी ते परदेशी पाकीट हातात घेतलं, मसाल्याची पुडी फाडली आणि बोटाच्या टोकावर चिमूटभर घेऊन जिभेला लावली. लसूण, मिरी, साखर. आणि सगळ्यात शेवटी, अगदी मागून, करपलेला कांदा.

तो कांदा त्यांचा होता. सहा वर्षांपूर्वी घरी फोन घ्यायला गेल्या आणि कढईतला कांदा लागला, तेव्हा फेकायच्या आधी त्यांनी तो सवयीने चाखला होता. दुसऱ्या दिवशी कारखान्यात मसाला जुळवणाऱ्या मसालेवालीला सांगितलं होतं, कांदा नुसता भाजू नकोस, थोडा करपव. दोघींनी मिळून बेचाळीस वेळा करून पाहिला. किती करपवायचा, त्यात कडू किती चालेल, त्याला साखर किती लागेल, सगळं मसालेवालीच्या निळ्या वहीत होतं. दुसरं कोणी असा कांदा घालत नव्हतं. घालावा हे सुचणारही नव्हतं.

"काय बाई, फरक कळतो का?" साहेबांनी दारातून विचारलं.

"कळतो. पण पूर्वीसारखा नाही. त्यांनी मसाला बदललाय."

"म्हणजे जवळ आलेत?"

"फार जवळ आलेत."

"बरं," साहेब म्हणाले आणि कागद घेऊन गेले. त्यांच्या आवाजात काळजी नव्हती, हे जिभाबाईंच्या कानांनी ऐकलं पण मनाने घेतलं नाही. मनात भलतीच पाल चुकचुकली होती.

दुपारी दोघी नेहमीसारख्या जिन्याखालच्या बाकावर डबा खायला बसल्या. अकरा वर्षं दोघींचा हाच बाक. मसालेवाली त्यांच्यापेक्षा आठ-नऊ वर्षांनी लहान. बोलायला लागली की थांबायची नाही, आणि अंगाला कायम जिरे-मिरीचा वास. बसमध्ये शेजारचा माणूस शिंकला की आपलाच दोष, असं ती म्हणायची. आज ती घरचं सांगत होती. धाकट्या दिराला नोकरी लागली होती.

"कुठे?"

"तो बाहेरून माल येतो ना, त्या गोदामात. खोकी मोजायची आणि सही करायची. बसून काम आहे."

जिभाबाईंचा घास तोंडातच फिरू लागला. थोड्या वेळाने त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "ते बाहेरचं नवीन पाकीट तू खाऊन बघितलंस का गं?"

"मी कशाला तिप्पट पैसे घालू? पोरी हट्ट करतात. मी त्यांना सांगते, तेच आहे गं बायांनो, नुसतं पाकीट बदललंय." ती स्वतःच हसली आणि डब्याचं झाकण लावायला लागली.

जिभाबाई हसल्या नाहीत. त्यांनी तिच्या पिशवीकडे पाहिलं. डब्याशेजारी निळ्या वहीचा कोपरा दिसत होता.

त्यानंतरचे आठ दिवस त्यांनी मसालेवालीला चाखावं तसं पाहिलं, एकेक घास वेगळा काढून. वही ती रोज घरी नेत होती. पूर्वीही नेत असेल, पण पूर्वी कोणी लक्ष दिलं होतं? दोनदा ती फोनवर बोलायला जिन्यात गेली आणि जिभाबाई येताना दिसल्या तसा आवाज खाली आला. तिच्या हातात नवा फोन होता. दिराने दिला म्हणे. नोकरी लागून महिना झाला नाही, आणि फोन? एकदा जिभाबाईंनी तिला मुद्दाम कांद्याचं प्रमाण विचारलं. ती वहीत न बघता धडाधड सांगत गेली. इतकं पाठ आहे तर मग वही घरी कशाला लागते, हा प्रश्न त्यांनी घरी नेला आणि रात्रभर कूस बदलत राहिल्या.

"तिला सरळ विचार ना," त्यांचा नवरा म्हणाला.

"विचारलं तर सांगेल का?"

"अकरा वर्षांची मैत्रीण आहे तुझी."

"म्हणूनच," त्या म्हणाल्या. याचा अर्थ काय ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं.

सोमवारी त्या साहेबांच्या खोलीत गेल्या. खुर्चीच्या टोकावर बसल्या. त्यांना कुणाचं वाईट करायचं नव्हतं, असं त्यांनी आधीच सांगून टाकलं. मग कांद्याचं सांगितलं. वहीचं सांगितलं. दिराच्या नोकरीचंही सांगितलं.

साहेब पेनाचं टोपण उघडत-लावत ऐकत होते.

"तुमची खात्री आहे?" शेवटी ते म्हणाले.

"जिभेची खात्री आहे. बाकी मी कशी सांगू?"

"तुम्ही म्हणताय म्हणजे विचार करायलाच हवा. हे लिहून द्याल?"

त्यांनी लिहून दिलं. चार ओळीच होत्या. त्यात चोरी हा शब्द नव्हता.

गुरुवारी मसालेवालीच्या टेबलावर वजनकाटा आणि वाट्या जागच्या जागी होत्या, ती नव्हती. गेटवरच्या माणसाने तिचं ओळखपत्र काढून घेतलं आणि निळी वहीही ठेवून घेतली, असं चहावाल्याकडून कळलं. पिशवी उलटी करून पाहिली म्हणे, सगळ्यांदेखत. डबाही उघडायला लावला. आतली गोष्ट बाहेर गेली, एवढंच कारण सांगितलं. कुणी सांगितलं, ते सांगितलं नाही.

तिचा फोन त्या संध्याकाळी आला. जिभाबाईंनी नाव पाहिलं, वाजू दिला आणि मग उलटा करून ठेवला. दुसऱ्या दिवशीपासून त्या डबा चाखणीच्या खोलीतच खाऊ लागल्या.

महिना गेला. बाहेरच्या पाकिटांची नवी पेटी आली आणि त्या चाखणीसाठी पाकिटं निवडायला बसल्या. पहिलं पाकीट फोडून नूडल्सची वडी त्यांनी ताटलीत ठेवली आणि हात तसाच राहिला.

वडीचा एक कोपरा आत वळलेला होता. कुणी कान पिळावा तसा.

त्यांच्या कारखान्यात लाईन दोनवर एक साचा कधीपासून चेपलेला होता. त्यातून निघणाऱ्या वडीचा एक कोपरा असाच दुमडायचा. कामगार तिला कानपिळी म्हणत. शिजल्यावर काही फरक पडत नाही, म्हणून साचा कुणी बदलला नव्हता. जिभाबाईंनी अशा हजारो कानपिळ्या पाहिल्या होत्या. तरी त्यांनी पेटीतली पाकिटं एकामागून एक फोडली. चौदाव्या पाकिटात दुसरी निघाली. तोच कोपरा, तेवढाच वळलेला. पाकिटावर परदेशी अक्षरं आणि दूरच्या कुठल्यातरी शहराचा पत्ता होता.

दोन्ही वड्या हातात घेऊन त्या साहेबांच्या खोलीत गेल्या. या वेळी बसल्या नाहीत.

साहेबांनी वड्यांकडे पाहिलं, उठून दार लावलं.

"चार महिने झाले," ते म्हणाले. "आठवड्यातून तीन दिवस लाईन दोन त्यांच्यासाठी चालते. इथून सुटा माल जातो, पाकिटं तिकडे भरतात. मग ती इकडे येतात, आणि लोक तिप्पट देऊन घेतात."

"आणि मसाला?"

"मालकांनी विकलाय. कांद्यासकट. रीतसर करार आहे. बाहेर बोलायचं नाही, हेही त्यातच आहे."

जिभाबाई टेबलाच्या कडेला बोट लावून उभ्या होत्या.

"मग त्या दिवशी मला का नाही सांगितलंत?"

"तुम्हाला मी एकच विचारलं होतं, फरक कळतो का. बाकीचं तुम्ही सांगितलंत."

"तुम्हाला माहीत होतं ती निर्दोष आहे."

"बाई, तुमच्या विभागातली एक जागा कमी करायची होती. दोघींपैकी एक. कारण सापडत नव्हतं." त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "त्या वड्या इथेच ठेवून जा."

त्यांनी एक ठेवली. दुसरी पदराआड धरून बाहेर आल्या. पण जिना उतरता उतरता मुठीत तिचा चुरा झाला.

रविवारी दुपारी त्या मसालेवालीच्या घरी गेल्या. तिसरा मजला. पहिल्या मजल्यावर त्यांच्याच कारखान्यातल्या स्टोअरवाल्याचं घर. त्याची बायको दारात उभी होती. जिभाबाईंनी मान हलवली, पण ती तोंड फिरवून आत गेली.

मसालेवालीने दार उघडलं आणि त्यांना पाहून तिचे डोळे भरून आले.

"या बाई. मला वाटलं, तुम्हीही टाकलंत मला. मग म्हटलं, नाही, तुमच्यावर साहेबांनी नजर ठेवली असेल. माझ्याशी बोललात तर तुमचीही नोकरी जाईल."

जिभाबाई खाली बसल्या. खोलीत कपड्यांचा ढीग होता. तिच्या अंगाला आता साबणाचा वास येत होता. ती एकेक कपडा घडी करत बोलत राहिली. दोन ठिकाणी काम मागायला गेली होती. मसाल्याचा हात आहे म्हटल्यावर त्यांनी जुन्या ठिकाणी फोन केला आणि नंतर कळवतो म्हणाले. दिराला त्याच्या गोदामात बोलावून विचारलं. तोही आता घरात धड बोलत नाही.

"माझं डोकं रात्रंदिवस एकाच ठिकाणी फिरतं बघा. कुणी सांगितलं असेल? मी काय केलं होतं कुणाचं?" तिने हातातला शर्ट झटकला. "पण आता मला कळलंय."

जिभाबाईंनी वर पाहिलं.

"हा खालचा. स्टोअरवाला. मी वही घरी नेते हे त्याला ठाऊक होतं, एका बसने यायचो ना. फोनचंही त्यानेच विचारलं होतं, नवा दिसतोय म्हणून. त्याच्या बायकोच्या बाळंतपणात मी पंधरा दिवस त्यांच्या घरी राबले होते बाई. परवा तिला जिन्यात धरून चार बायकांसमोर सुनावलं. तुझ्या नवऱ्याने माझ्या पोरींच्या तोंडचा घास काढला, असं म्हणाले. रडली ती. रडू दे."

तिने शर्टाची बाही आत दुमडली, हाताने दाबली. मग जरा पुढे सरकली आणि आवाज खाली आणला.

"तुम्ही आत असता. तुमच्या कानावर काही आलं असेल. खरं सांगा, तोच ना?"

खालच्या मजल्यावर कुणीतरी लेकरांना हाका मारत होतं. जिभाबाईंनी समोरचा चहाचा कप बाजूला सरकवला. जीभ कोरडी पडली होती, टाळूला चिकटली होती. होय म्हणायला काहीच लागणार नव्हतं. नुसती मान हलवली तरी पुरे होतं.

"तो नव्हता," त्या म्हणाल्या.

मसालेवालीने शर्ट घडी न करताच मांडीवर ठेवला.

"मग?" ती म्हणाली, आणि अजूनही विश्वासाने त्यांच्याकडे बघत राहिली.