मागच्या सीटचा पलंग

टेलरमास्तरांना सकाळपासून एका जागी बसवत नव्हतं. गाडी बघायला गिऱ्हाईक यायचं होतं. अंगणात जाऊन त्यांनी व्हॅनवरची खोळ काढली, लख्ख असलेली काच पुन्हा पुसली, घरात आले, परत बाहेर गेले.

व्हॅन जुनी होती, आता कारखान्यात तशी बनतही नाही. पण मास्तरांनी ती तळहाताच्या फोडासारखी जपली होती. सीटची कव्हरं, खिडक्यांचे पडदे, सगळं त्यांच्या हातचं. मागच्या सीटची पाठ खाली पाडली की ऐसपैस पलंग व्हायचा. दुकानाला सुट्टी असली की नवराबायको गाडी काढून निघायचे आणि जिथे आवडेल तिथे मुक्काम करायचे.

दोन वर्षांपूर्वी बायकोला अर्धांगाचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. समज मात्र शाबूत राहिली. तेव्हापासून ती मागच्या खोलीत पडून होती. मास्तर तिचं करण्यात कसूर ठेवत नव्हते. औषधं, अंघोळ, भरवणं, सगळं वेळच्या वेळी. फक्त तिला उंबऱ्याबाहेर कधी नेलं नाही. लोक बघतील, कीव करतील, तिलाच वाईट वाटेल, असं त्यांना वाटे. भेटायला आलेल्यांनाही ते बाहेरच्या खोलीतूनच वाटेला लावत.

मग मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, गाडी नुसती उभी आहे. विकून टाका. आईला आता तिचा काय उपयोग?" मास्तरांनी जाहिरात दिली. बायकोला सांगितलं नाही. म्हणूनच आज जीव थाऱ्यावर नव्हता.

गिऱ्हाईक म्हणजे एक बहीण आणि तिचा भाऊ. बहीण शाळेत गाणं शिकवायची. भाऊ चाकाच्या खुर्चीत होता. घरबसल्या पुस्तकांची मुद्रितं तपासायचा.

"इंजिन ताई बघेल," भाऊ म्हणाला. "मला पलंग बघायचाय. फार वेळ बसवत नाही मला. पाठ दगा देते."

बहिणीने आधार दिला आणि तो सरकत सरकत पलंगावर आडवा झाला. खिडकीतून बराच वेळ बाहेर बघत राहिला. "मास्तर, इथून आभाळ दिसतं आणि दुकानांच्या पाट्याही. कारमध्ये आडवं पडलं की मला फक्त ताईचं डोकं दिसतं."

"डोकं आहे म्हणून दिसतं," बहीण इंजिनाकडून म्हणाली.

तेवढ्यात आतून बायकोच्या उशाशी ठेवलेली घंटी वाजली. मास्तर दचकले. "मंडळी आहेत. आजारी असतात," ते पुटपुटले.

"म्हणजे तुमच्या जाहिरातीत चूक आहे," भाऊ म्हणाला. "तुम्ही लिहिलंय, घरात वापरणारं कोणी नाही."

"अहो, तिला बोलता येत नाही, चालता येत नाही. ती कशी वापरणार?"

"मलाही चालता येत नाही. तरी मी बाजारात जातो, भाजीवाल्याशी भांडतो. लोक बघतात, पहिल्या दिवशी जास्त, मग कमी. पण घरच्यांनी मला लपवून ठेवलं होतं ना, त्या वर्षांत मीच स्वतःकडे बघेनासा झालो होतो. गाडी विकताय हे वहिनींना विचारलंत?"

मास्तर तरातरा आत गेले. बायको दाराकडेच बघत होती. त्यांनी तिला कसंबसं सगळं सांगितलं आणि विचारलं, "बाहेर येतेस?"

तिचा डावा हात चादरीवरून उचलला गेला तो थेट त्यांच्या खांद्यावर आला.

भावाने आपली खुर्ची देऊ केली आणि बहिणीच्या आधाराने तो पुढच्या सीटवर सरकला. शेजारणी गॅलरीत आल्या, मास्तरांची मान खाली गेली. एकीने वरूनच विचारलं, "काय वहिनी, निघालात कुठे?" आणि बायकोने डावा हात हलवला. एवढंच झालं!

बायकोला पलंगावर निजवून, बहिणीला तिच्याशेजारी बसवून मास्तर गाडी चालवू लागले, पण लक्ष सगळं मागे. "ऊन लागतंय का? फिरू का परत?" दर वळणाला तेच. ती हाताने पुढे चला म्हणत होती. बाजारात एका म्हाताऱ्याची छत्री वाऱ्याने उलटी झाली, तेव्हा मागून घोगरा, ओबडधोबड आवाज आला. मास्तरांनी घाबरून गाडी थांबवली. ती हसत होती.

घरी आल्यावर मास्तरांनी गाडीची किल्ली खिशात टाकली. "माफ करा, पण गाडी विकायची नाही. ठरलं."

"कोणी ठरवलं?" भावाने विचारलं. "पुन्हा नाही विचारलंत तुम्ही."

मास्तर वरमले. गाडीतच मागे जाऊन बायकोच्या पलंगाच्या कडेला बसले. "विकू का ठेवू? ठेवायची असेल तर हात दाब."

तिने हात दाबला नाही. त्यांच्या डोळ्यांकडे बोट केलं, मग स्टिअरिंगकडे, आणि नकारार्थी मान हलवली. मास्तरांना हल्ली नीट दिसत नव्हतं. येताना दोनदा गाडी कडेला घासता घासता राहिली होती, हे तिने मागून बघितलं होतं. मग तिने बहिणीकडे बोट केलं, आणि शेवटी स्वतःकडे.

"गाडी आम्ही घ्यायची," बहीण सावकाश म्हणाली, "आणि तुम्हाला फिरवायचं?"

तिने मास्तरांचा हात इतका दाबला की ते कळवळले.

तसंच झालं. आलेल्या पैशांतून पहिल्यांदा चाकाची खुर्ची आली. आता दर रविवारी व्हॅन दारात उभी राहते. पलंगावर कोणी पडायचं यावरून वहिनी आणि तो भाऊ भांडतात, ती हाताने आणि तो तोंडाने.

वाचकहो, आपल्याही घरात आतल्या खोलीत कोणी पडून असेल. आपण औषध देतो, चादर बदलतो आणि त्याच्या वतीने सगळं ठरवूनही टाकतो, तेही मायेपोटी. पण ज्याचे हातपाय थकले त्याची इच्छा थकलेली नसते. त्याला विचारा. उत्तर यायला वेळ लागेल, कदाचित ते आपल्या मनासारखंही नसेल. तेवढा वेळ शेजारी बसा, आणि ते उत्तर माना.