पाळकांचा आवाज

आमच्या ह्यांचा आवाज असा, की नुसतं "पाणी दे" म्हटलं तरी माणसाने उठून उभं राहावं. मी त्या आवाजावरच भाळले. जावई चर्चचा पाळक आहे हे कळल्यावर माझ्या आईने कपाळाला हात लावला होता. ह्यांचा उपदेश ऐकला तेव्हा कुठे तो खाली आला.

एका मोठ्या चर्चच्या मंडळीकडून बोलावणं आलं तेही आवाजामुळेच. तिथले दोन वडीलधारे रविवारी येऊन ह्यांचा उपदेश ऐकणार होते आणि पसंत पडला तर आम्हाला तिकडे नेणार होते. तिकडे पाळकाला स्वतंत्र घर. इथे आम्ही सभागृहामागच्या दोन खोल्यांत राहतो. उपासना संपली की अर्धी मंडळी पाणी प्यायला थेट माझ्या स्वयंपाकघरात शिरते. आमची मुलगी न्हाणीघरात स्टूल टाकून अभ्यास करते, कारण कडी तेवढ्या एकाच दाराला आहे. मला ते घर हवं होतं. ह्यात पाप असेल तर असो.

पण त्याच रविवारी ह्यांनी भलतंच कबूल करून ठेवलं होतं. आमच्या मंडळीत काही कर्णबधिर माणसं आहेत: एक गवंडी, त्याची बायको, एक इस्त्रीवाली आणि तिचे भाऊ. इतकी वर्षं ती मागच्या बाकावर बसून इतरांचे ओठ हलताना बघायची. हे गवंड्याकडे जाऊन जाऊन त्यांची खुणांची भाषा शिकले आणि ह्या रविवारची सगळी उपासना हातांनी घेतो, असा शब्द देऊन बसले.

"मग हातही हलवा आणि तोंडही," मी म्हणाले. "देवाने दोन्ही दिलंय."

"करून बघितलं गं. त्या भाषेची मांडणीच वेगळी. तोंड सुरू झालं की हात तोतरे होतात. गवंडी पोट धरून हसला."

"मग पुढच्या रविवारी घ्या."

"ती माणसं जन्मभर पुढच्याच रविवारची वाट बघतायत." हे माझ्याकडे वळले. "बोलायचा हक्क आहे मला, कोणी नावं ठेवणार नाही. माझा हक्क मी सोडेन. पण घर तुझंही आहे. तू नाही म्हणालीस, तर मी तोंडानेच बोलेन."

बघा, असं कात्रीत धरतात! चिडले असते तर भांडण तरी झालं असतं. मी भांडी आपटली आणि उत्तर दिलंच नाही.

रविवारी पाहुणे पुढच्या बाकावर बसले. कर्णबधिर माणसंही पहिल्यांदाच पुढे आली होती. गवंड्याच्या मुलीला ऐकू येतं; ती बाजूला उभी राहून आम्हाला हातांचा अर्थ सांगणार होती. हे उभे राहिले आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी नुसती नकाराची मान हलवायचा अवकाश होता. माझी मान हलली नाही. का, ते देवालाच विचारा. इस्त्रीवाली बाकाच्या अगदी कडेला सरकून बसली होती, एवढंच मला दिसत होतं.

ह्यांनी हात उचलले. गवंड्याची मुलगी किनऱ्या आवाजात अर्थ सांगू लागली. पाहुण्यांनी एकमेकांकडे बघितलं, आणि घर हातचं गेलं हे मला तिथेच कळलं.

मग मुलगी म्हणाली, "प्रार्थना करू या." आम्ही डोळे मिटले. पुढे शब्दच येईना. ह्यांना काही झालं की काय, म्हणून मी डोळे उघडले.

मुलीनेही सवयीने डोळे मिटून घेतले होते! पाहुणे, मंडळी, सगळ्यांच्या माना खाली. फक्त कर्णबधिरांचे चेहरे वर होते आणि डोळे टक्क उघडे. बरोबरच आहे, डोळे मिटले तर त्यांना प्रार्थना कळणार कशी? इतकी वर्षं एका छपराखाली बसून हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

आणि हे देवाशी बोलत होते. ह्यांच्या प्रार्थना मी कितीदा ऐकल्यात. आवाज छान लागला की ह्यांना स्वतःलाही कळायचं. आज वाहवा करायला कोणी नव्हतं. असा चेहरा मी संसारात कधी पाहिला नव्हता. इस्त्रीवालीच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, पण ती पुसत नव्हती. पुसायला हात वर नेला असता तर एखादा शब्द हुकला असता. मला भीती वाटली, खरीखुरी. देव त्या खोलीत होता आणि मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं.

ह्यांचे हात खाली आले. प्रार्थना संपली होती, पण ऐकू येणाऱ्यांना ते कळणार कसं? सगळे माना खाली घालून बसलेलेच. कोणीतरी मोठ्याने शेवट करायला हवा होता. ह्यांनी केला असता, तर निदान तेवढ्या एका शब्दात तरी पाहुण्यांना तो आवाज ऐकू आला असता. ह्यांनी ओठ घट्ट मिटले आणि माझ्याकडे बघितलं.

'तसंच होवो' म्हणायची पाळी माझ्यावर आली. घर मला तेव्हाही हवं होतं, खोटं कशाला बोलू?

मी उभी राहिले आणि माझ्या फाटक्या आवाजात म्हणाले, "आमेन." तेव्हा सगळ्यांनी डोळे उघडले.