चौथ्या नंबरचा बोर्ड

"हात लावायचा न्हाय बोर्डाला!"

राजाबाईचा आवाज रस्त्याच्या पलीकडून आला आणि शिडीवर चढलेला गडी पकड हातात धरून तसाच थांबला. तारेची एक गाठ त्याने सोडली होती. सुटलेली फ्लेक्सची कड वाऱ्यावर फडाफडा आपटत होती. खाली नागेंद्र मोटरसायकलला टेकून फोनवर बोलत होता. त्याने फोन खिशात टाकला आणि आता सुटका नाही असं तोंड केलं.

राजाबाई माळावरच्या गोल्फ क्लबातून, कामावरूनच येत होती. डोक्याला फडकं, कमरेला विळा, पायांना गवताची कुसळं. लेक तेजस्वी पोटात होती तेव्हापासून ती तिथं गवत कापत होती, तण उपटत होती. गावात तिच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती. बसचा कंडक्टर असो की दारावर आलेला मीटरवाला, चुकीचं बोलला की तिने त्याची कानडीत आणि मराठीत, दोन्हींत खरडपट्टी काढलीच म्हणून समजा. नागेंद्र पंचायतीचा मेंबर होता, पण तोही तिला बघून वाट बदलायचा. आज मात्र फाट्यावर उभा असल्याने त्याला बदलायला वाट नव्हती.

"आक्का, नवरात्र आलंय," तो गोड आवाजात म्हणाला. "दुर्गामाता दौडीचा बोर्ड लावायचाय. सांगाडा एकच हाय."

"उद्या लाव. आज सांजच्याला माझी पोरगी यायची हाय."

"तेच म्हणतोय न्हवं का! पदक आलं असतं तर कोण काढलं असतं? चौथी आलीया ती. आन् वर लिवलंय 'पदक निश्चित'. येणारीजाणारी माणसं हसालीत."

"लिवलं कुणी? तिनं?"

नागेंद्र मोटरसायकलचा आरसा पुसायला लागला.

बोर्ड त्यानेच लावला होता. आशियाई स्पर्धेत महिलांच्या वैयक्तिक गोल्फमध्ये गावची पोर तीन दिवस खेळून दुसऱ्या नंबरवर आहे असं टीव्हीवर सांगितलं, आणि त्याच संध्याकाळी हा पंधरा फुटी फ्लेक्स फाट्यावर उभा राहिला. चौथा दिवस खेळायचा बाकी होता, पण एवढा धीर कुणाला? वर कानडी, खाली मराठी, मध्ये टोपी घातलेली तेजस्वी. तिच्या एका बाजूला काळा चष्मा लावून हात जोडलेला नागेंद्र आणि दुसऱ्या बाजूला कोट घातलेले क्लबचे सेक्रेटरी मारुतीराव. दोघांचीही तोंडं पोरीच्या तोंडापेक्षा मोठी. मारुतीरावांच्या खाली छापलं होतं, 'मार्गदर्शक'.

तो शब्द वाचला की राजाबाईच्या डोक्यात तिडीक जायची. कसलं मार्गदर्शन? लष्करी कॅम्पातल्या एका निवृत्त सुभेदारांनी पोरीला खेळ शिकवला, स्वतःच्या जुन्या काठ्या दिल्या. सकाळी क्लबाचे मेंबर यायच्या आत ती खेळून घ्यायची. मारुतीरावांना हे कळलं तेव्हा त्यांनी मागच्या फाटकाला कुलूप घातलं. कामगारांची पोरं खेळायला लागली तर मेंबरांनी जायचं कुठं, असं ते सगळ्यांदेखत म्हणाले होते. दुसऱ्या दिवशी तेजस्वी काटेरी तारेवरून चढून आत गेली आणि पोटरी टराटरा फाडून घेतली. राजाबाईने तिला आधी झोडपलं, मग जखमेत हळद भरली, मग सेक्रेटरीच्या ऑफिससमोर उभी राहून असा आवाज लावला की आत चहा पिणारे मेंबर खुर्च्या सोडून बाहेर आले. कुलूप निघालं ते त्या दिवशी. आता तो माणूस मार्गदर्शक म्हणून तिच्या लेकीच्या शेजारी दात काढून उभा होता.

आणि परवाचा दिवस! मारुतीच्या देवळाच्या मंडपात नागेंद्रने मोठा पडदा लावला होता. अख्खा गाव गोळा झाला. खेळ कुणालाच कळत नव्हता. तेजस्वीच्या नावापुढे उणे सहा आलं तेव्हा म्हाताऱ्या बायकांनी चुकचुक सुरू केली. "आगं बाई, पोर उण्यात गेली की!" खुद्द नवरा मष्णू डोक्याला हात लावून बसला. राजाबाई ओरडून सांगत होती, "आरं, उणंच चांगलं असतंय ह्यात!" पण ढोलवाले मध्येच वाजवत होते. चेंडू लांब गेला की टाळ्या. जवळच्या जवळ हलकेच मारला की लोक म्हणायचे, जोर संपला वाटतं.

शेवटचं भोक राहिलं. चेंडू आणि भोक यांत दोन हातांचं अंतर. तो आत गेला असता तर तिसऱ्या नंबरासाठी अजून खेळायला मिळणार होतं. तेजस्वी खाली वाकली, बराच वेळ बघत राहिली. पडद्यावर तिची पोटरी दिसली, तारेचा तो वण दिसला आणि राजाबाईने डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांनीच तिला मंडपातला 'अरारारा' ऐकू आला. चेंडू काठाला लागून बाहेर फिरला होता.

"हात्तिच्या! एवढंसं तर होतं," नागेंद्र म्हणाला. "आमच्या म्हशीनं शेपटीनं ढकलला असता."

माणसं हसली. आणि कुणीतरी पडद्याची वायर ओढली. राजाबाईने डोळे उघडले तोवर समोर पांढरी चादर होती. पोरगी तिथं एकटी उभी होती, साता समुद्रापलीकडे, परक्या माणसांत. ती रडली का, पडली का, तिला कुणी हात दिला का, काही दिसलं नाही. "आरं थांबा रं, लावा की परत!" ती म्हणाली, पण लोक चपला शोधत होते. आयुष्यात पहिल्यांदा तिचा आवाज कुणाला ऐकू गेला नाही.

रात्री फोन आला.

"आई, बघितलीस?"

"बघितलो की."

"शेवटपर्यंत?"

"समदं बघितलो," राजाबाई म्हणाली. खोटं बोलताना तिची जीभ कधी अडखळायची नाही, कारण ती बोलायचीच नाही. त्या रात्री अडखळली.

तेजस्वी म्हणाली, "आई, कुणीतरी मला बोर्डाचा फोटो पाठवलाय. मला त्यो बघवणार न्हाय. मी फाट्यावर उतरत न्हाय. अलीकडं नाल्यापाशी उतरतो आन् अंधार पडला की शेतातनं येतो."

"चोरी केलीयास व्हय गं तू? फाट्यावरच उतरायचं. मी हाय तिथं."

"बघतो," पोरगी म्हणाली आणि फोन ठेवला. ते 'बघतो' दोन दिवस राजाबाईच्या काळजात रुतून बसलं होतं. एकदा का पोर नाल्याकडून घरात शिरली, की जन्मभर ती नाल्याकडूनच शिरणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

आणि इथं हे लोक तिचा बोर्डच उतरवायला निघाले होते. पोरगी उतरणार आणि समोर दौडीचा बोर्ड! पदक नाही म्हटल्यावर गावाने आपला आनंद परत घेतला, हे तिने उतरल्या उतरल्या बघायचं?

"सांबऱ्याच्या इमानतळावर जीप पाठवतो म्हणालतास," राजाबाई म्हणाली. "त्याचं काय झालं?"

"जीप चिकोडीला गेलीया, आक्का. लग्नाचं भाडं."

"म्हंजे माझी पोरगी ते एवढं थोरलं गाठोडं घेऊन सिटी बसनं येणार. देशाचा अंगरखा घालून खेळलीया ती, नागेंद्र! अख्ख्या आशिया खंडात चौथी आलीया. तू पंचायतीच्या विलेक्शनला कितवा आलतास रं? बिनविरोध झालास म्हणून मेंबर हाईस!"

शिडीवरचा गडी खुदकन हसला. नागेंद्रचं तोंड उतरलं. "काढ रं बोर्ड," तो ओरडला. "बायकांच्या तोंडाला काय लागायचं!"

एवढ्यात गुरांसाठी गवताचा भारा घेऊन मष्णू तिथं पोचला. उभ्या आयुष्यात आवाज न चढवलेला माणूस. त्याने भारा टेकवला आणि सवयीने म्हणाला, "राजे, जाऊ दे गं."

"काय काय जाऊ दे? कुलूप घातलं तवा जाऊ दे. चादर पांढरी केली तवा जाऊ दे. आता पोरगीच नाल्याकडनं जाऊ दे म्हण!" तिचा आवाज फाटला. मग ती शिडीपाशी गेली आणि गड्याला म्हणाली, "उतर खाली."

तो उतरला. राजाबाईने पदर खोचला आणि चढायला लागली. शिडी डुगडुगली. मष्णूने एकदा नागेंद्रकडे बघितलं, एकदा बायकोकडे, आणि पुढे होऊन दोन्ही हातांनी शिडी धरली.

तिने कमरेचा विळा काढला. आधी नागेंद्र कापला, जोडलेल्या हातांसकट. फ्लेक्स टर्रकन फाटत गेला आणि काळा चष्मा खाली धुळीत पडला.

"आक्का! पोलिसांत जाईन मी!"

"जा की. सांग, बाईनं माझं तोंड कापलं म्हणून."

शिडी पलीकडे सरकवली. मारुतीराव जाड होते, वेळ लागला. कोट, टाय, 'मार्गदर्शक', सगळं एका तुकड्यात निघालं. मग ती मधल्या मजकुरापाशी थांबली. चौथीपर्यंत शिकलेली, अक्षर न् अक्षर लावून वाचत, तिने 'पदक निश्चित' तेवढं नीट चौकोनी कापलं. वर कानडीतलंही कापलं. 'हार्दिक अभिनंदन' राहू दिलं. सुटलेली कड तिने स्वतः तारेने आवळली आणि खाली उतरली. फाट्यावर आता बरीच माणसं जमली होती. कुणी हसत नव्हतं. नागेंद्रने मोटरसायकलला किक मारली, ती लागली नाही, पुन्हा मारली आणि तो निघून गेला.

राजाबाईने घरून ताटली आणली. भाकरीचा तुकडा, तांब्याभर पाणी. ती मैलाच्या दगडावर बसली. बसमागून बस जात होत्या. एक थांबली, त्यातून वडगावची साडीवाली उतरली. दुसरी थांबलीच नाही. उजेड कमी व्हायला लागला. राजाबाई नाल्याकडे बघत नव्हती. मान तिकडे वळू नये म्हणून तिने जबडा आवळून धरला होता.

मग एक बस आली. आधी उतरलं ते लांबडं, निळं गाठोडं. त्याच्या मागून तेजस्वी. चेहरा वाळलेला, टोपी डोळ्यांवर ओढलेली. बस निघून गेली तशी तिने मान वर केली.

बोर्डाला चार मोठाली भोकं पडली होती. त्यातून मावळतीचं आभाळ दिसत होतं. भोकांतून वारा आरपार जात होता, त्यामुळे गेले तीन दिवस फडफडणारा बोर्ड आता गप उभा होता. मध्ये ती एकटी.

राजाबाईने भाकरतुकडा ओवाळून टाकला, तिच्या पायांवर पाणी घातलं.

"आई," तेजस्वी हलकेच म्हणाली, "खरं सांग. शेवटचं बघितलीस न्हवं?"

राजाबाईने तिच्याकडे बघितलं. "न्हाय गं," ती म्हणाली. "भाड्यांनी बंद केलं. चेंडू हुकला आन् बंदच केलं बघ. तू काय केलीस पुढं, मला म्हायतीच न्हाय."

तेजस्वीने गाठोडं खाली ठेवलं. "पुढं दुसऱ्यांदा मारून चेंडू आत घातलो. मग संगं खेळलेल्या पोरींपुढं जाऊन आसं केलो," ती म्हणाली. तिने डोक्यावरची टोपी काढली, डाव्या हातात धरली, ताठ उभी राहिली आणि उजवा हात पुढे केला.

राजाबाईचा हात गवताने हिरवा झाला होता. तिने तो पदराला पुसला आणि लेकीच्या हातात दिला.